देव्हाऱ्यावरचं मातीचं घर

४ जुलै, गुरुवार

कुळवी आली! देव्हाऱ्याच्या वर, भिंत आणि तुळई मिळतात त्या कोपऱ्यात सकाळपासून माती आणते आहे. वडील तिला कुंभारीण माशी म्हणायचे. आता घरात सगळे इथल्या तमिळ लोकांसारखं कुळवीच म्हणतात. दुपारपर्यंत सुपारीएवढी एक खोली झाली. शेजारी दुसरी सुरू.

भवानीनं केरसुणी उचलून मागच्या दारी ठेवली. म्हणाली, "आता त्या कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही. कुळवीनं घर केलं म्हणजे घरात मूल येतं. पिल्लू आपणहून भोक पाडून उडून जाईल, तोवर मोडायचं नाही." मला सांगते! जसा काही मी दुसऱ्या मुलखातून आलो.

सुंदरी खाटेवरून ऐकत होती. हसली नाही. पाचवा महिना लागला तिला. पहिलं तिसऱ्यात गेलं, दुसरं सहाव्यात. डॉक्टरीण बाईंनी पडून राहायला सांगितलं म्हणून पापनाशमहून, सासरहून, इकडे आणली. आमच्या लेकीला आम्ही जपतो म्हणजे काय करतो — तिच्याकडे बघत बसतो.

इथे मराठीत लिहितो म्हणून इतकं लिहवतं. भवानी मराठी बोलते, पण वाचते तमिळच. सुंदरीला सगळं समजतं, बोलते अर्धं. ही अक्षरं घरात माझ्या एकट्याची.


५ जुलै

जयश्री मॅडम घरी आल्या. राजवाड्यामागच्या शाळेच्या. म्हणाल्या, "मास्टर, पाचवीच्या मुलांना तुम्ही हवे. प्राणी आपली घरं कशी बांधतात ते बघून मुलांनी हातानं काहीतरी करायचं. ऑगस्टमध्ये प्रदर्शन." मी म्हटलं, मी बाहुल्या करणारा माणूस. मान डोलवणारा राजा, राणी, नाचणारी बाई. गावच्या शाळेत दहावी. मी काय शिकवणार?

"माती मळायला शिकवा. बाकीचं प्राणी शिकवतील."

हे वाक्य मला नीट कळलं नाही. पण हो म्हणालो. नवरात्रात इथे घरोघर मांडतात त्या बाहुल्यांना अजून वेळ आहे.


७ जुलै

चार खोल्या झाल्या. कुळवीनं चौथीचं तोंडही लिंपलं आणि गेली. परत आली नाही.


८ जुलै, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. अठ्ठावीस मुलं. कोणी सुगरणीचं घरटं घेतलं, कोणी लाल मुंग्यांचं पानं शिवलेलं, चौघांनी वारूळ. वारुळातून त्यांनी लगेच मातीचा नाग काढला. प्रद्युम्न नावाचा एक जाडसर मुलगा म्हणाला, "डेय्, नागानं कुठं बांधलं? बांधलं वाळवीनं. नाग नुसता भाडेकरू!" दुसरा म्हणाला, "आणि दूध मात्र भाडेकरूला!" सगळे हसले. मीही. मग वाटलं, हसायला नको होतं. आमच्या गावी मी स्वतः दूध ओतलं आहे.

घरी आलो तर सांबारात मीठ नाही. भवानीच्या हातचं सांबार — मीठ नाही! विचारलं, काय झालं? "काही नाही." उद्यापासून मंगळवारचा उपास धरणार म्हणे. आजवर कधी धरला नव्हता.


१० जुलै

भवानी आता रोज सकाळी दिवा लावल्यावर स्टुलावर चढते आणि कुळवीच्या घराखाली भिंतीला कुंकू लावते. ही पद्धत मी कुठं बघितली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "लावलं तर बिघडतं का काही?" बिघडत नाही. पण चेहरा असा का केला?


११ जुलै

आज मुलांना वडिलांनी सांगितलेलं सांगितलं. कुळवी एक अळी धरून आणते, मातीच्या खोलीत कोंडते आणि बाहेरून गुणगुणत राहते. अळी भीतीनं म्हणा, ध्यासानं म्हणा, रात्रंदिवस तिचंच चिंतन करते — आणि तिचीच कुळवी होते. माणसानंही देवाचं असंच करावं. वडील हे सांगताना डोळे मिटायचे. मी लहानपणापासून जप करताना स्वतःला ती अळी समजत आलो. हे कोणाला सांगितलेलं नाही. भवानीलाही नाही.

साईप्रिया नावाची मुलगी आहे. दोन वेण्या, कोपराला कायम माती. तिनं हात वर केला. "मास्टर, तुम्ही बघितलं?"

"काय?"

"अळीची कुळवी होताना."

नाही बघितलं. तसं म्हणालो. मग ती म्हणाली, "मी कुळवीचंच घर करणार. एक खरं आणून द्या ना. रिकामं."


१५ जुलै, सोमवार

क्रमानं लिहितो.

सकाळी भवानी देवळात गेली होती. सुंदरी झोपली होती. सहज वर बघितलं तर चौथ्या खोलीला कडेला भोक! म्हणजे पिल्लू उडून गेलं. इतक्या लवकर? आठ दिवसांत? पण भोक तर दिसत होतं. मला इतका आनंद झाला — शुभ झालं, घर रिकामं झालं, आता काढायला हरकत नाही. साईप्रियाला नेऊन द्यावं आणि संध्याकाळी भवानीला सांगावं, उडालं बघ!

स्टुलावर चढलो. सुरी लावली. लावली काय, टेकवली — आणि अख्खं घर हातात आलं. एवढं सैल? मागच्या बाजूला पिवळट, चकचकीत पापुद्रा होता. कुळवीची लाळ अशी वाळत असेल का? काही कळलं नाही. रुमालात गुंडाळलं आणि निघालो.

शाळेत मुलांच्या मधोमध टेबलावर ठेवून कापलं. मीच कापलं. पहिली खोली — आत एक पांढरी जाड अळी. हलत होती. दुसरी खोली — आत सहा-सात हिरव्या अळ्या दाटीवाटीनं कोंबलेल्या. मेलेल्या नाहीत. चालत नाहीत, पण टोचलं तर थोडं आक्रसतात. आणि त्यांच्यात एक पांढरी, त्यांच्यातल्या एकीला तोंड लावून बसलेली.

मुलं टेबलावर वाकली. मग प्रद्युम्न म्हणाला, "मास्टर, ही ध्यान करत नाहीये. ही जेवतेय."

जयश्री मॅडमनी समजावलं. कुळवी हिरव्या अळीला डंख मारून लुळी करते, मारत नाही — ताजी राहावी म्हणून. तिच्यावर अंडं घालते. पांढरी अळी कुळवीचंच मूल. हिरवी अळी नुसती शिधा.

साईप्रिया चौथी खोली भिंगाखाली धरून बसली होती. "मास्टर, हे भोक आतून नाही पाडलेलं. कड आत दबली आहे. बाहेरून काहीतरी लागलंय." चौथी खोली आत वाळून गेली होती. तिसरी अजून बंद.

म्हणजे कोणीच उडालं नव्हतं. घर भरलेलं होतं. मी माझ्या हातानं उतरवलं, माझ्या हातानं कापलं. आणि घरी सुंदरी खाटेवर आहे.

मग जे केलं ते लिहायची लाज वाटते. मधल्या सुट्टीत शाळेतली माती घेतली आणि तसंच घर केलं. चार खोल्या. राजा-राणीची नाकं करणारा हात, त्याला हे काय जड! जड होतं. कुळवीच्या मातीवर बोटाचा ठसा नसतो, ती थेंब थेंब बसवते. काडीनं टोचून टोचून ते आणलं. गच्चीवर उन्हात वाळवलं.

घरी आलो तेव्हा भवानी मागं विहिरीवर होती. खळीचं मडकं काढलं — बाहुल्यांना लागते ती चिंचोक्यांची खळ. मडक्यात खळ कमी वाटली, आणि झाकण उलटं होतं. मी झाकण उलटं ठेवत नाही. उंदीर? विचार करायला वेळ नव्हता. लावलं, दाबलं, स्टूल जागेवर ठेवलं.

भवानीनं दिवा लावला. वर बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. कळलं नाही तिला. देवा, कळलं नाही.


१६ जुलै

सकाळी भवानीनं मला न मागता दुसरी कॉफी दिली. लग्नाला तीस वर्षं झाली. न मागता दुसरी कॉफी!


१७ जुलै

आडी लागला, तमिळ लोकांचा आषाढ. जपाला बसलो. नेहमीसारखं स्वतःला अळी समजायला गेलो आणि ती पांढरी डोळ्यांसमोर आली. उठलो.

वडील खोटं बोलले? वडील खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी बघितलं नव्हतं, एवढंच. मग त्यांनी डोळे मिटून काय बघितलं? आणि मी पंचेचाळीस वर्षं कोणाचं चिंतन करत होतो — जेवणाऱ्याचं, की जेवण होण्याचं? कोणाला विचारायचं? देवळातल्या गुरुक्कलना, पुजाऱ्यांना, विचारलं तर म्हणतील, सेतुराम, तुझं डोकं फिरलं.


१९ जुलै

भवानी रोज कुंकू लावते आहे. माझ्या मातीला! आज प्रदक्षिणा घालता येत नाही म्हणून जागेवर फिरली, हात जोडले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मी केलेल्या गौरी, मी केलेला गणपती लोक पुजतात. तेव्हा काही वाटत नाही. मग यालाच का वाटतं? तीही माती, हीही माती. फरक काय? फरक आहे. सापडत नाही.


२२ जुलै

शाळेत छान चाललं आहे. सुगरणीवाल्यांची घरटी नारळाच्या पात्यांची. एकाचंही टिकलं नाही, पडतात. एक मुलगा रडकुंडीला आला. म्हणाला, "मास्टर, पक्ष्याला हातसुद्धा नाहीत!" मी म्हटलं, म्हणून त्याला जमतं. तू हातांवर विसंबतोस. हे मी कुठून बोललो मलाच कळलं नाही. मॅडमनी लिहून घेतलं.

साईप्रियानं दोन्ही पांढऱ्या अळ्या कापसावर आगपेटीत ठेवल्या आहेत. हिरव्यांसकट. "जेवणासकट" असं तिचं म्हणणं. आणि न कापलेली तिसरी खोली एका बाटलीत, तोंडाला मलमलचा तुकडा. मला सारखं विचारते, "मास्टर, तुमच्या घरची आहे ना? देव्हाऱ्यावरची?" एकदा हो म्हणून गेलो होतो. आता काय करू!


२६ जुलै

सुंदरी म्हणाली, "अप्पा, कुळवीचं पिल्लू अजून का नाही निघालं?"

मी म्हटलं, वेळ लागतो.

"किती?"

मला माहीत नाही, म्हणालो. हे तरी खरं होतं. भवानी आतून पटकन म्हणाली, "सारखं तिकडे बघू नये. नजर लागते." तिचा आवाज वेगळाच लागला.


२ ऑगस्ट, शुक्रवार

सुंदरीच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी अकरा. अंगावर थोडं गेलं. ऑटोनं इस्पितळात. सहावा महिना.

भवानीनं निघताना कोपऱ्याकडे एकदा बघितलं. मीही बघितलं. दोघांनी बघितलं आणि दोघांनी मान खाली घातली.


३ ऑगस्ट

आज आडीपेरुक्कु, नदीच्या नव्या पाण्याची पूजा. सगळं गाव कावेरीला, आम्ही इस्पितळाच्या बाकावर. तिरुवैयारुपर्यंत नदीला पाणी आलं म्हणे.

जावई साईराम पापनाशमहून आला. नुसता बसून आहे. चांगला मुलगा. म्हणाला, "मामा, काही होणार नाही." हे मी त्याला म्हणायला हवं होतं.

भवानी सारखी पदराचं टोक पिळत होती. एकदम म्हणाली, "पाप एकाचं असतं आणि भोगतं दुसरं." म्हणजे कळलं हिला! मी तोंड उघडलं. सांगणारच होतो — तेवढ्यात नर्सनं हाक मारली.

मग सांगायचं राहिलं. धीर एकदाच येतो मला.


४ ऑगस्ट

थांबलं. बाळ हलतं आहे. डॉक्टरीण बाईंनी यंत्रावर ठोके ऐकवले. घोडा पळतो तसे! साईराम बाहेर जाऊन रडला. भवानी तिथंच.

आता मला काहीच समजत नाही. घर मोडल्यामुळे दुखलं असेल, तर थांबलं कशामुळे? खोट्या घराला लावलेलं कुंकू पोचलं? की कशाचा कशाशी संबंधच नाही? संबंध नाही असं म्हटलं की डोकं हलकं होतं, आणि छातीत रिकामं.


६ ऑगस्ट

सुंदरी घरी. दहा तारखेला प्रदर्शन. भवानी येते म्हणाली! सुंदरीजवळ साईराम थांबेल. "तुमचं काम मी कधी बघितलंच नाही," म्हणाली. नको म्हणायला कारण सुचलं नाही. साईप्रियाला सांगायला हवं, माझं नाव लिहू नकोस म्हणून.


८ ऑगस्ट

शाळेत गेलो तर साईप्रिया फाटकातच. बाटली हातात. "मास्टर, निघाली!" तिसऱ्या खोलीला गोल भोक, सुईनं आखल्यासारखं. कुळवी मलमलवर बसून पंख पुसत होती. कंबर दोऱ्याएवढी.

खिडकीत मलमल काढली. उडाली.

या गडबडीत नावाचं सांगायचं विसरलो.


१० ऑगस्ट, शनिवार

प्रदर्शन झालं. वारुळं, मुंग्यांची पानांची घरं, अखेर टिकलेलं एक सुगरणीचं घरटं. लोक खूप. भवानीनं नवी निळी साडी नेसली होती.

साईप्रियाचं घर सगळ्यात मोठं, घागरीएवढं, एका बाजूनं कापलेलं. आत तिनं हिरव्या अळ्या केल्या होत्या आणि मधे पांढरी, तिला झोपलेल्या बाळाचा चेहरा दिला होता. शेजारी खरं घर, कापलेलं. आणि तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत पाटी: "हे घर सेतुराम मास्टरांच्या देव्हाऱ्यावरून आणलं. आत जीव होता."

मी पुढे होण्याआधी भवानीनं वाचलं.

साईप्रियाचं तोंड सुरूच. "मामी, हे बघा, हे भोक कुळवीनं आतून पाडलं, परवा. किती गोल! आणि हे दुसरं — हे बाहेरून काहीतरी लागून फुटलेलं. मास्टरना वाटलं पिल्लू गेलं, म्हणून त्यांनी काढून आणलं. कधी आणलं, मास्टर? पंधरा तारखेला ना?"

भवानी त्या फुटक्या भोकाकडे बघत राहिली. मग विचारलं, "आणि परवाचं ते उडालं? नक्की?"

"माझ्या डोळ्यांसमोर!"

भवानीनं तिच्या गालाला हात लावला आणि बोटं स्वतःच्या कपाळाशी मोडली. परत येताना चालत आलो. तिनं विचारलंही नाही, मग वर आहे ते काय आहे.


११ ऑगस्ट

सकाळी भवानीनं दिवा लावला. स्टुलावर चढली, कुंकू लावलं — तिथंच, माझ्या मातीखाली. सगळं कळल्यावरही! उतरून मला म्हणाली, "स्टूल हलतं. पाय नीट करा." एवढंच.

रागावली असती तर बरं. रडली असती तर बरं. हे काय आहे?


१२ ऑगस्ट, सोमवार

स्टुलाचा पाय ठोकत होतो. भवानी समोर बसली आणि हळू म्हणाली, सुंदरीला ऐकू जाऊ नये म्हणून: "म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"काय?"

"ते मी पाडलं होतं. आठ तारखेला. जळमट काढताना काठी लागली, खाली पडलं, कड फुटली. तुमची खळ काढून चिकटवलं. मग पंधराला बघते तर नवं कोरं! फुटलेली कड नाही. मला वाटलं, ह्यांना सगळं कळलं आणि मला न विचारता, न बोलता नवं करून लावलं. महिनाभर मी कुंकू लावत होते ते तुमच्या हातच्या मातीला."

हातातला हातोडा तसाच राहिला. आठ तारखेचं सांबार. उपास. दुसरी कॉफी.

तो खाली ठेवून म्हणालो, "खळीत पाणी जास्त घातलं होतंस. सुरी टेकवताच सुटलं."

ती हसली. त्या आठ तारखेपासून पहिल्यांदा. आतून सुंदरीनं विचारलं, "अम्मा, काय झालं?"

"काही नाही," दोघं एकदमच म्हणालो.